नकाशातला ठिपका : ट्रोमेलिन

दोस्तांनो, अ‍ॅटलास उघडा. मादागास्करच्या पूर्वेला, हिंदी महासागरात बोट फिरवा. सापडलं का काही? नाही ना! ट्रोमेलिन बेट आहेच इवलंसं. लांबी जेमतेम पावणेदोन किलोमीटर, आणि सर्वांत उंच जागा समुद्रापासून फक्त सातेक मीटर. डोंगर नाही, नदी नाही. नुसती पोवळ्यांची वाळू, झुडपं, समुद्रपक्षी आणि कासवं.

१७६१ साली इथे एक फ्रेंच जहाज फुटलं. मादागास्करची माणसं गुलाम म्हणून विकायला ते चोरून मॉरिशसकडे निघालं होतं. वाचलेल्यांनी विहीर खणली, जहाजाच्या लाकडांची नवी नाव बांधली. पण नावेत बसले ते फ्रेंच लोकच! "परत येतो," असं सांगून ते गेले. साठ ते ऐंशी मादागास्करवासी मागे राहिले.

वाट पाहता पाहता १५ वर्षं गेली, बरं का! वादळात टिकतील अशा जाड भिंतींची घरं त्यांनी बांधली. कासवं नि पक्षी खाऊन दिवस काढले. फुटकी तांब्याची भांडी ठिगळं लावून वापरली. १७७६ मध्ये कप्तान ट्रोमेलिनचं जहाज आलं, तेव्हा उरल्या होत्या सात बायका आणि आठ महिन्यांचं एक बाळ.

२००६ पासून झालेल्या उत्खननात त्या भिंती, ती भांडी वाळूखाली सापडली. बेटाला नाव मात्र मिळालं कप्तानाचं. तिथे जगलेल्या बहुतेकांची नावं कुणी लिहूनच ठेवली नाहीत. सांगा बरं, तुम्ही या बेटाला काय नाव दिलं असतं?