घसारा न लागणारे यान

ताळेबंदात प्रत्येक यंत्राचे मूल्य दरवर्षी थोडे घटते. त्या घटीला आपण घसारा म्हणतो. यंत्र पुरते जुने झाले की त्याची किंमत नाममात्र एका रुपयावर येऊन थांबते. बँकेतील माझी सारी हयात या हिशेबात गेली. तरीही ज्या यंत्रावर माझा तरुणपणापासून जीव जडला, ते पडद्यावर प्रथम दिसते तेच मुळी भंगारात काढण्याजोग्या अवस्थेत. त्याचे नाव मिलेनियम फाल्कन.

जॉर्ज लुकास यांचा 'स्टार वॉर्स' १९७७ साली प्रदर्शित झाला. तोवर चित्रपटांतील अवकाशयाने बहुधा कारखान्यातून नुकतीच बाहेर पडल्यासारखी लखलखीत असत. लुकास यांना मात्र वापरून मळलेले, माणसांचा हात लागलेले विश्व दाखवायचे होते. म्हणून फाल्कनच्या पाठीवर काजळी आहे, जागोजागी डागडुजी आहे. चित्रपटाचा नायक ल्यूक त्याला पाहताच नाक मुरडतो.

या यानाचा पहिला आराखडा एका ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेतील यानाशी मिळताजुळता निघाला, म्हणून तो बाजूला ठेवण्यात आला. मग जो जॉन्स्टन यांनी चपट्या तबकडीसारखा, चालकाची खोली एका कडेला असलेला नवा आकार रेखाटला. प्रतिकृती घडवणाऱ्या कारागिरांनी बाजारात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या आणि विमानांच्या प्लास्टिक खेळण्यांचे सुटे भाग तिच्या अंगावर चिकटवले. कोणता तुकडा कोणत्या खेळण्याचा, हे हुडकून त्या काळचे संच जमवणारे आणि हुबेहूब प्रतिकृती उभारणारे चाहते आजही आहेत.

यानाचा मालक हान सोलो. यान पत्त्यांच्या डावात जिंकलेले, धंदा तस्करीचा, डोक्यावर जब्बा नावाच्या सावकाराचे कर्ज! असा अर्जदार माझ्या टेबलासमोर आला असता, तर मी त्याला नम्रपणे दरवाजा दाखवला असता. ल्यूक आणि वृद्ध ओबी-वान यांच्याशी तो सौदा करतो, तोही चोख व्यापारी: एकूण १७,००० पैकी २,००० आगाऊ, उरलेले मुक्कामी पोहोचल्यावर. पुढे बक्षिसाची रक्कम यानात भरून तो निघूनही जातो. हिशेब तिथे पुरा होतो. परंतु अंतिम युद्धात ल्यूकच्या पाठीशी काळ उभा असताना तेच जुनाट यान अचानक परत येते आणि त्याला वाचवते. त्या परत येण्याची नोंद कोणत्याही खातेवहीत करता येत नाही. माझा जीव जडला तो त्या क्षणी.

१९८०च्या दुसऱ्या चित्रपटात तर ऐन संकटात यानाचे इंजिन पुनःपुन्हा दगा देते. हान आणि त्याचा केसाळ सोबती च्युबाका वैतागतात, हत्यारे घेऊन पुन्हा दुरुस्तीला बसतात. यान टाकून मात्र देत नाहीत. या चित्रपटासाठी वेल्समधील पेम्ब्रोक डॉक गावी, एकेकाळी सागरी विमाने ठेवण्यासाठी वापरल्या गेलेल्या भव्य शेडमध्ये, पूर्ण आकाराचे, वीस टनांहून अधिक वजनाचे फाल्कन उभारले गेले. तेथील वारसा केंद्राने त्याची आठवण प्रदर्शनरूपाने जपली आहे. २०१७ साली लेगो कंपनीने काढलेल्या फाल्कनच्या संचात ७,५४१ तुकडे होते. ते जुळवण्यात मुलांइतकीच प्रौढ मंडळीही रमली.

वाचकहो, आमची इमारत लवकरच पुनर्विकासासाठी रिकामी करायची आहे. काय न्यावे, काय द्यावे याची यादी घरात चालू आहे. सौभाग्यवतींचे पायाने चालवायचे शिलाई यंत्र आणि माझ्या वडिलांची सायकल मुलाने 'द्यायचे' या रकान्यात लिहिली आहे. नव्या घरातील जागा मोजकी, त्यामुळे त्याचे गणित चूक नाही. मात्र त्या यंत्रावर दोन मुलांचे शाळेचे गणवेश शिवले गेले आणि त्या सायकलीवरून वडील तीस वर्षे पेढीवर गेले, हे त्या रकान्यात कुठे लिहायचे? यादी अजून पुरी झालेली नाही. सायकलीच्या चाकात हवा मात्र मी कालच भरून आणली.