एक निळा कोट आणि मागे वीस मुकी माणसं



जयंती जवळ आली की आपल्या पोरांच्या नाटकाच्या तालमी सुरू होतात. युवक महोत्सवाच्या आधीही तेच. शहागंजातल्या एखाद्या दुकानावरच्या माडीवर जमणारा ग्रुप असो की वसतिगृहाच्या गच्चीवरचा, संहिता बहुतेक आधीच ठरलेली असते. ज्याचा आवाज खणखणीत त्याला निळा कोट आणि चष्मा, एका मुलीला रमाईचं लुगडं, आणि उरलेल्या वीस जणांनी मागे उभं राहून आधी मार खायचा, मग घोषणा द्यायच्या. एन्ट्रीला टाळ्या पडतात. पण महिनाभराच्या तालमीतून त्या वीस जणांना काय मिळालं? माझा आक्षेप इथेच आहे.

निदान या शहरात तरी असं व्हायला नको. म. भि. चिटणीस यांचं 'युगयात्रा' १९५५ साली मिलिंद महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी इथेच केलं, तेव्हा बाबासाहेब समोर प्रेक्षकांत होते. १९५६ साली धम्मदीक्षेच्या वेळी तेच नाटक नागपुरात प्रचंड जनसमुदायापुढे झालं. म्हणजे नेता खाली बसलेला आणि पोरं वर बोलतायत! ज्या समाजाला गावात मान वर करून बोलायची सोय नव्हती, त्याची पोरं. आज आपण बाबासाहेबांना रंगमंचावर उभं करतो आणि पोरांना गप्प करतो.

म्हणून संहिता निवडताना माझी एकच कसोटी आहे. प्रवेशातल्या प्रत्येकाचं कुणाशी तरी भांडण आहे का? आहे, तर घ्या. नाही, तर कितीही क्रांतिकारी वाक्यं असोत, बाजूला ठेवा.

जोतीरावांचं 'तृतीय रत्न' बघा. १८५५ सालचं नाटक, छापून यायला सव्वाशे वर्षं लागली. त्यात जोशी आहे, कुणबी आहे, त्याची गरोदर बायको आहे, पाद्री आहे, मुसलमान आहे, आणि मधेमधे तोंड घालणारा विदूषक आहे. सहा नटांना सहा वेगळ्या बाजू. विदूषक तर हुशार पोरीला द्यावा असाच आहे. पण वेळ कमी म्हणून काटछाट सुरू झाली की पहिला बळी पाद्री आणि मुसलमानाचा जातो. शहागंजात राहून मुसलमान पात्र गाळायचं म्हणजे कमाल आहे!

दत्ता भगत यांचं 'वाटा पळवाटा' हा त्याहून अवघड आणि म्हणून जास्त उपयोगाचा मजकूर. जुन्या पिढीचे काका, प्राध्यापक सतीश, त्याची ब्राह्मण बायको हेमा, चिडलेला तरुण अर्जुन. चौघंही आपापल्या जागी खरे वाटतात. इथे खलनायकावर सगळं ढकलून मोकळं होता येत नाही. अर्जुन करणाऱ्या पोराला तालमीत आठवडाभर काका करायला लावा आणि काका करणाऱ्याला अर्जुन. आपल्या संघटनांच्या बैठकीत जे ऐकून घेण्याचं धैर्य दिसत नाही, ते इथे शिकता येतं. मात्र लेखकाच्या परवानगीशिवाय प्रयोग करू नका, आणि विरोधी बाजूची वाक्यं कापू नका. ती कापली की नाटकाचं भाषण होतं.

आता भाषा. स्पर्धेत 'उच्चार शुद्ध करा' असं सांगणारे परीक्षक भेटतातच, आणि आपलेच दिग्दर्शक घाबरून पोरांची जीभ सोलायला लागतात. राजकुमार तांगडे यांचं 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' जालना जिल्ह्यातल्या जांबसमर्थच्या पोरांनी आपल्याच बोलीत राज्यभर केलं, आणि लोकांनी ते डोक्यावर घेतलं. स्पष्ट बोलणं वेगळं आणि सदाशिव पेठी बोलणं वेगळं. शेवटच्या रांगेपर्यंत शब्द गेला पाहिजे, एवढीच अट. नटांना तासभर शहागंजच्या चमनजवळ उभं करा. फळवाला आणि गिऱ्हाईक दखनीत आणि मराठीत घासाघीस कशी करतात, कोण कधी थांबतं, कोण कुणाचं वाक्य तोडतं, ते ऐकून येऊ द्या. दुसऱ्याचं वाक्य चालू असताना चेहरा जिवंत ठेवणं हे समूहाच्या प्रवेशात सगळ्यात कठीण असतं, आणि ते फक्त आरशासमोर उभं राहून येत नाही.

भूमिकावाटपाबद्दल जरा कडू बोलतो. काळा पोरगा नेहमी मार खाणारा का? गोरी मुलगी नेहमी मालकीण का? चहा आणि झाडू नेहमी मुलींकडेच का? जातीविरुद्धचं नाटक बसवताना तालमीतच उतरंड तयार होत असेल, तर प्रेक्षकांना काय तोंडाने सांगणार आपण?

काहीजण म्हणतील, लोकांना बाबासाहेबच बघायचे असतात. खरं आहे, आणि त्यात प्रेम आहे. पण त्याच लोकांनी जलशात गवळण, सोंगाड्या, सवाल-जवाब यांतून विचार ऐकला. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव ते करून दाखवलं. आपला प्रेक्षक तेवढा कच्चा नाही.

यंदा एक करून बघा. झेरॉक्स काढताना प्रत्येकाच्या हातात पूर्ण संहिता द्या, ज्याला एकच वाक्य आहे त्यालाही. पहिले चार दिवस कुणालाच भूमिका देऊ नका. गोल करून बसा, रोज वेगळ्याने वेगळं पात्र वाचायचं, आणि वाचून झालं की वाद घालायचा. पाचव्या दिवशी कोण काय करणार, ते सगळ्यांनी मिळून ठरवा.