जहाजांचा खर्च कोणी केला?

चिनी माणूस जात्याच शांतताप्रिय आणि युरोपीय माणूस जात्याच साहसी, म्हणून एकाची जहाजे मागे फिरली व दुसऱ्याची जगभर पसरली, हे सोपे समीकरण अद्यापही पुष्कळांना पटते. झेंग हे याच्या पहिल्या सफरीला २००५ मध्ये सहाशे वर्षे झाली, तेव्हा चीन सरकारनेही त्याचा शांतिदूत म्हणूनच गौरव केला. इतिहासाला मात्र स्वभावापेक्षा हिशेब विचारावा.

१४०५ ते १४३३ या काळात झेंग हे याने सात सफरी केल्या; पहिल्याच सफरीत २७,००० हून अधिक माणसे होती. खर्च सम्राटाच्या खजिन्याचा. दूरच्या राजांनी मिंग सम्राटाचे श्रेष्ठत्व मानून नजराणे पाठवावेत, हा हेतू. श्रीलंकेत गाले येथील १४०९ च्या शिलालेखात चिनी, तमिळ व फारसी भाषांत बुद्ध, विष्णू आणि अल्ला यांना अर्पिलेल्या दानांची नोंद आहे. याच आरमाराने १४११ मध्ये तेथील सत्ताधीशाला कैद करून चीनला नेले! शांतिदूताच्या गौरवात हे बसत नाही.

या सफरींत व्यापाऱ्यांचे भांडवल नव्हते. खाजगी सागरी व्यापारावर तर मिंग राजवटीची बंदीच होती. उत्तरेकडे मंगोलांचे भय वाढले, अधिकाऱ्यांना हा खर्च उधळपट्टी वाटू लागला आणि दरबाराने हात आखडता घेतला. सफरी चालू राहाव्यात म्हणून दरबारात झगडणारा धनिक वर्गच नव्हता.

पोर्तुगाल हे लहान व निर्धन राज्य. आफ्रिकेचे सोने आणि मधल्या दलालांना वगळून मिळणारी मिरी यांवर त्याचा डोळा होता. चार जहाजे व सुमारे १७० माणसे घेऊन निघालेला वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला, आणि लवकरच फ्लॉरेन्सच्या व जर्मन सावकारांचा पैसा पुढील तांड्यांत गुंतला. नफ्याची चटक लागलेले भांडवल मागे फिरत नाही. धर्मप्रसाराची भाषा होतीच. तिने तोफांना पुण्याई दिली. १५१० मध्ये गोवा पडले, आणि पुढे आदिलशाहीच्या जहाजांनाही पोर्तुगीज परवाना घ्यावा लागला.

१५६७ मध्ये चीनमधील बंदी सैल होताच फूच्येन प्रांतातील व्यापारी स्वतःच्या हिमतीवर समुद्रात उतरले. अमेरिकेच्या चांदीसाठी त्यांनी मनिला गजबजवून टाकले. मग साहसाचा अभाव कुठे होता? १६०३ मध्ये स्पॅनिशांनी तेथे हजारो चिन्यांची कत्तल केली. पेकिंगच्या दरबाराने त्यांच्यासाठी एकही लढाऊ जहाज धाडले नाही.