बाटली कुणी कुणाला दिली?

एका जुन्या छायाचित्रात दोन सायकलपटू घाट चढताहेत. एक जरा पुढे, दुसरा मागे, आणि दोघांचेही हात पाण्याच्या एकाच बाटलीवर. वर्ष १९५२, शर्यत ‘टूर द फ्रान्स’, घाट आल्प्स पर्वतातला गालिबिए.

२,६४२ मीटर उंचीचा हा घाट १९११ साली प्रथम या शर्यतीत आला. चालत्या सायकलवर गिअर बदलण्याची सोय तेव्हा नव्हती, रस्ताही कच्चा. बहुतेकांनी खाली उतरून सायकली ढकलत नेल्या. माथ्याखालच्या बोगद्यापाशी एमिल जॉर्जे सर्वांत आधी पोचला. शर्यतीचे जनक आंरी देग्रांज यांचा या घाटावर विलक्षण जीव. त्यांचे स्मारकही इथेच आहे.

छायाचित्रातले दोघे इटलीचे. जिनो बार्ताली श्रद्धाळू, जुन्या वळणाचा. १९३८ आणि १९४८ चा विजेता. फाउस्तो कोप्पी पाच वर्षांनी लहान, नव्या जमान्याचा. १९४९ ची शर्यत त्याने जिंकली होती, १९५२ चीही तोच जिंकणार होता. त्यांच्यावरून अवघ्या इटलीत दोन तट पडलेले. साहजिकच प्रश्न निघाला, बाटली कुणी कुणाला दिली? वाद वर्षानुवर्षे चालला. निकाल लागला नाही.

माझी उमेद बँकेच्या खतावणीत गेली. तिथे एकाच्या नावे पडले की दुसऱ्याच्या खाती जमा व्हावेच लागते; ताळा जुळल्याशिवाय घरी जाता येत नसे. हीच सवय आपण घरातही आणतो. भावासाठी काय केले, सुनेने काय केले, सारे मनात मांडून ठेवतो, आणि नाती थकबाकीत निघतात.

बार्तालीने महायुद्धात ज्यूंना वाचवण्यासाठी धोका पत्करला होता. त्याची त्याने स्वतः फारशी वाच्यता केली नाही. जेरुसलेमच्या ‘याद वाशेम’ने त्याचा गौरव केला तो २०१३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर १३ वर्षांनी.

गालिबिएवर पहिले कोण पोचले, याच्या नोंदी जागच्या जागी आहेत. त्या हव्यातही. पण लोकांच्या मनात घर केले ते नोंद नसलेल्या एका बाटलीने. चढ अवघड होता, दोघांना तहान लागली होती, आणि पाणी एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेले. घरातल्या काही नोंदीही अशाच कोऱ्या सोडाव्यात. ताळा नाही जुळला, तरी चालेल.