मधला आवाज गेला कुठे?

रविवारच्या तालमीहून धाकटा भाऊ आला तो तोंड पाडूनच. गिटार कॉटवर टाकली आणि म्हणाला, "ताई, मी वाजवतोय हे तिथे कुणाला ऐकूच येत नाही गं."

निशातगंजच्या आमच्या खोलीत मात्र त्याचा छोटा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प फार गोड वाजतो. जुनाच घेतलेला, बेताच्या ताकदीचा, पुढे तीनच बटणं: व्हॉल्यूम, ट्रेबल, बास. घरी एकट्याने वाजवलं की खालचा आवाज भरदार आणि वरचा काचेसारखा लखलखीत. पण ड्रम, कीबोर्ड आणि गाणारा एकत्र आले की गिटार गायब. बास वाढवला तर नुसती घुमघुम, ट्रेबल वाढवला तर कानात सुई. व्हॉल्यूम वाढवला की ड्रमवाला डोळे वटारणार. मित्रांचा सल्ला एकच: मोठा अ‍ॅम्प घे. तो घ्यायचा तर आमचं तीन महिन्यांचं खोलीभाडं गेलं असतं. कार्यक्रम बारा दिवसांवर होता.

आम्ही अ‍ॅम्प घेऊन गेलो एका जुन्या रेडिओ मेकॅनिक चाचांकडे. त्यांनी उम्र काढली व्हॉल्व्हच्या रेडिओत. गिटारचा अ‍ॅम्प त्यांना काही नवा वाटला नाही, आणि त्यात नवल नाही. ज्या लिओ फेंडर यांच्या अ‍ॅम्पची नक्कल जगभर होते, त्यांनीही १९३८ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचंच दुकान काढलं होतं.

मागची पाटी उघडण्याआधी चाचांनी मला हात मागे घ्यायला लावला. अशा अ‍ॅम्पमध्ये तीनशे-चारशे व्होल्ट खेळत असतात आणि प्लग काढला तरी आतले मोठे कॅपॅसिटर वीज धरून ठेवतात. त्यांनी आधी ते रिकामे केले, मीटर लावून खात्री केली आणि मगच काम सुरू केलं. म्हणून पुढचं वाचून कुणी घरी स्क्रू ड्रायव्हर उचलू नका. हे काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. अजून एक: स्पीकरची वायर काढलेली असताना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प चालू करून वाजवायचा नसतो, आतला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

आता खरी गंमत. मला वाटायचं, बासचं बटण फिरवलं की बास वाढतो. चाचा हसले. "बिटिया, ये बटन कुछ देता नहीं, लेता है. कभी ज़्यादा, कभी कम."

गिटारच्या बहुतेक व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये तसंच असतं. टोनच्या बटणांमागे फक्त रेझिस्टर आणि कॅपॅसिटर असतात. ते आवाजाचा काही भाग पुढे जाऊ देतात, काही जमिनीत, म्हणजे अर्थला, सोडून देतात. वाढवत काहीच नाहीत. घरच्या स्टिरिओचं गणित वेगळं. १९५२ साली पीटर बॅक्सँडॉल या इंग्रज अभियंत्याने मांडलेल्या रचनेत बटण मधोमध ठेवलं की आवाज जसाच्या तसा, एका बाजूला वाढतो, दुसऱ्या बाजूला कमी होतो. गिटार अ‍ॅम्पचं बटण पाचावर ठेवून "मी काहीच बदललं नाही" असं म्हणणारा माणूस फसलेला असतो. पाचावरसुद्धा मधला आवाज मोठ्या प्रमाणात गळालेला असतो.

आणि गिटारचा जीव त्या मधल्यातच आहे. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झच्या आसपास बोलते, वरच्या पट्ट्या हजारापर्यंत जातात. साठच्या दशकातल्या अमेरिकी धाटणीच्या टोन सर्किटमध्ये मोठा खड्डा पडतो तो साधारण ४०० हर्ट्झजवळ. खोलीत एकटं वाजवताना तो खड्डा कानाला सुखावतो. बँडमध्ये मात्र खालची जागा ड्रम आणि बासची, वरची झांजांची. मधली जागा गिटारची होती, तीच आपण सोडून दिलेली.

मोठ्या अ‍ॅम्पला मधल्या आवाजाचं, मिडलचं, वेगळं बटण असतं. फेंडरच्या प्रिन्स्टन किंवा डिलक्स रिव्हर्बसारख्या लहान मॉडेलांत ते नव्हतं. त्या जागी ६.८ किलोओहमचा एक ठरलेला रेझिस्टर बसवलेला असायचा. तो जितका लहान, तितका मधला आवाज जास्त गळतो. आमच्या अ‍ॅम्पमध्येही नेमकं तेच निघालं. चाचांनी तो रेझिस्टर काढला आणि त्याच्या जागी २५ किलोओहमचा पॉट, म्हणजे फिरवता येणारा रेझिस्टर, जोडला. शून्यावर आधीपेक्षा खोल खड्डा, पूर्ण फिरवला की खड्डा बराचसा भरून निघतो. त्यासाठी पत्र्याला नवं भोक पाडायचं नाही, हा भावाचा हट्ट. मागे जादा स्पीकरसाठी एक जॅक होता, कधीच न वापरलेला. तो काढून त्याच भोकात पॉट बसवला. जुना रेझिस्टर पुडीत बांधून परत दिला. उद्या मूळ रूपात आणावासा वाटला तर!

रात्री आईला मिरजेला फोन लावला तेव्हा तिला हे लगेच कळलं. आजोळी तानपुरे बनवणाऱ्यांची गल्ली जवळ, जवारी लावताना तिने लहानपणापासून पाहिलेलं. घोडी थोडी घासली की तीच तार वेगळी बोलते. "पण जास्त घासली की गेलं," ती म्हणाली. आमचा पॉट निदान उलटा फिरवता येतो.

चाचांनी दुसरा उपायही सांगितला होता, कॅपॅसिटरच बदलण्याचा. जिम मार्शल यांच्या लंडनमधल्या दुकानात १९६२ च्या सुमारास फेंडरच्या बेसमनवरून पहिला अ‍ॅम्प बेतला गेला आणि पुढे त्या कंपनीने यातल्या काही भागांची मापं बदलली. साठच्या दशकातल्या फेंडरमध्ये जिथे १०० किलोओहमचा रेझिस्टर, तिथे मार्शलमध्ये ३३ चा, जिथे ०.१ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, तिथे ०.०२२ चा. रॉकची ती दाट, मधल्या आवाजाने भरलेली गिटार घडायला हा फरकही कारणीभूत आहे. पण आम्ही तिथवर गेलो नाही. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही.

घरी आल्यावर पाच मिनिटं आमची पाचावर धारण बसली होती, ते सांगायलाच हवं. भावाने उत्साहात तिन्ही टोन बटणं शून्यावर नेली आणि अ‍ॅम्प मुका झाला. व्हॉल्यूम वाढवला तरी ढिम्म. तो पांढराफटक. मी चाचांना फोन लावला तर ते पलीकडून हसायलाच लागले. तिन्ही शून्यावर म्हणजे सगळा आवाज जमिनीत, पुढे जाणार काय? आधी तो ठरलेला रेझिस्टर थोडा तरी आवाज राखून ठेवायचा. बटणं वर घेतली आणि आवाज परत आला.

पुढच्या तालमीला बास तीनवर, ट्रेबल पाचावर, नवं बटण आठवर होतं. मधला आवाज उरतो तेव्हा एकूण आवाजही वाढतो, त्यामुळे व्हॉल्यूम सातावरून पाचावर आणावा लागला. घरी मात्र हेच सेटिंग थोडं नाकात बोलल्यासारखं वाटतं आणि भाऊ ते पुन्हा दोनवर आणतो. कार्यक्रमाला मी शेवटच्या रांगेत बसले होते. दुसऱ्या गाण्यात त्याने एक सूर चुकवला, आणि तो मला स्वच्छ ऐकू आला.

नव्या बटणावर अजून नाव नाही. चिकटपट्टीच्या तुकड्यावर पेनाने "म" लिहून ठेवलंय.