हात वर, खिसा बंद

मंडळी, आज जरा चिडून लिहितोय.

परभणीतला एक मित्र घरी अ‍ॅम्प्लिफायर बनवतो. एलएम३८८६ आयसी (४ ओहमला ६८ वॅट!), हीटसिंक, ट्रान्सफॉर्मर.. पण बोर्ड नीट हवा. घरी फेरिक क्लोराइडमध्ये कोरलेल्या बोर्डावर ग्राउंडचा ट्रॅक चुकला, की गाण्याआधी घुंईऽऽ ऐकू येतं.

म्हणून त्याने ठरवलं, सगळ्यांनी मिळून बोर्ड मागवू. सेटिंगचा खर्च एका बोर्डाला जेवढा, तेवढाच चाळीसला. समजा २,००० रुपये. ४० बोर्डांवर वाटले तर प्रत्येकी ५०, १० वर वाटले तर २००. साधा भागाकार.

'मी आहे रे' म्हणणारे ४० निघाले. त्याने पदरचे पैसे घालून ऑर्डर दिली. पैसे आले दहा जणांचे. बाकीचे? आपणच, पुण्या-मुंबईचे पगारदार. 'अरे, मी रेडीमेड घेतला' म्हणे! आपल्याला तपकीर गल्ली, लॅमिंग्टन रोड जवळ आहे हो. त्याच्या कपाटात ३० बोर्ड पडून आहेत.

भिशीत कोणी नुसता हात वर करतं का? मग इथेही आधी पैसे, मग नाव. 'विश्वास नाही का?' असं विचारू नका. मागवणाऱ्यानेही बिल दाखवावं, उरलेले पैसे परत द्यावेत. विश्वास हिशोबानेच टिकतो.

असो. त्या तिसांत एक बोर्ड माझाही होता. काल पैसे पाठवले.

तुमचं काय?