स्वकीयांच्या हातून

२७ फेब्रुवारी २०१९ रोजी काश्मीरच्या आकाशात भारत व पाकिस्तान यांची विमाने परस्परांस भिडली असता, बडगामजवळ आपल्याच क्षेपणास्त्राने आपलेच हेलिकॉप्टर पाडले. वायुदलाचे सहा जण आणि जमिनीवरील एक नागरिक प्राणांस मुकले. मृतांत नाशिकचा एक वैमानिकही होता. अशा घटनेस ‘फ्रेंडली फायर’ म्हणतात. नाव मैत्रीचे, करणी मृत्यूची!

या अनर्थाचे मूळ द्वेषात नसते. भीती, घाई, तुटलेला संपर्क आणि आपपर ओळखण्याच्या व्यवस्थेतील ढिलाई यांतून तो ओढवतो. रणांगणावर क्षणार्धात निर्णय घ्यावा लागतो, हे खरे. परंतु म्हणूनच ओळख पटविण्याची शिस्त शांततेच्या काळातच अंगी बाणली पाहिजे. ‘युद्धात असे चालायचेच’ एवढे म्हणून या जबाबदारीतून कोणासही सुटता येणार नाही.

ही आपली मोठी चूक होती, असे वायुदलप्रमुख भदौरिया यांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये जाहीरपणे मान्य केले, हे उचितच झाले. मात्र त्यास सात महिने लागले. शत्रूच्या माऱ्याने पडलेल्या वीरास राष्ट्र वंदन करते. स्वकीयांच्या माऱ्याने पडलेल्यास ते वंदनाबरोबर सत्यही देणे लागते, आणि तेही वेळेवर.